मैदानावरचे ‘औषध’

आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणत नाही. तो म्हणतो, “कपाशीवर औषध मारायचंय.” पाठीवरचा पंप हा औषधाचा पंप, आणि ते जिथून आणायचे ते औषधाचे दुकान. हिंदी मुलखात त्यालाच ‘दवाई’ म्हणतात. पिकाच्या बाजूने पाहिले तर हा शब्द चुकीचा नाही. पण या एका शब्दाने आपली भीती मोडली. ज्या बाटलीवर कवटी आणि दोन हाडांचे चित्र छापलेले असते, ती बाटली आपण घरात, गोठ्यात आणि शाळेच्या भांडारातही खोकल्याच्या औषधासारखी ठेवू लागलो. शाळेच्या आवारात मारल्या जाणाऱ्या या ‘औषधां’विषयी हा लेख आहे.

सैनिकी शाळेच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मित्रांनो, उत्तर आपल्या पायाखाली आहे. आपले आवार म्हणजे एक लहानसे गावच. परेडचे मैदान, हॉकी-फुटबॉलची मैदाने, अडथळ्यांच्या शर्यतीचा पट्टा, हिरवळ, गुलाबाचे वाफे, मेस, धान्याचे कोठार, वसतिगृहे, कर्मचाऱ्यांची घरे आणि त्यांच्या चिल्ल्यापिल्ल्यांची बालवाडी. यातल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून कधी ना कधी काहीतरी फवारले जाते. गुलाबावर माव्यासाठी, हिरवळीत हुमणीसाठी, परेड मैदानाच्या कडेला तणासाठी, भिंतींच्या मुळाशी वाळवीसाठी, मेसमध्ये झुरळांसाठी, पावसाळ्यात डासांसाठी धूर. आणि शहरातल्या शाळेतला मुलगा दुपारी घरी जातो, आपण मात्र चोवीस तास इथेच असतो. शिवाय जमिनीशी आपले नाते जरा जास्तच जवळचे. कोपरांवर रांगत जाणे, पोटावर झोपून नेम धरणे, आणि फॉल-इनला दोन मिनिटे उशीर झाला की गवतावरून फ्रंट रोल. कोणत्याही साध्या शाळेतला विद्यार्थी गवताला इतक्या वेळा तोंड लावत नसेल.

आता ही रसायने शरीरात नेमके काय करतात ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढचे नियम उगाचच कडक वाटतात. नसेकडून स्नायूकडे आज्ञा जाते तेव्हा दोघांमधली बारीक फट ओलांडण्याचे काम अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन करते. आज्ञा पोहोचली की कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्या रसायनाचे तुकडे करते आणि स्नायू सैल पडतो. ‘सावधान’ झाल्यावर ‘विश्राम’ यावा तसे हे आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, डायक्लोरव्हॉस, मॅलेथिऑन, फोरेट, नेमके या विकरालाच जखडून टाकतात. मग ‘विश्राम’ येतच नाही. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या-जुलाब सुरू होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबतात. किडा असाच मरतो आणि माणूसही. फरक फक्त मात्रेचा.

ही लक्षणे रासायनिक युद्धाविषयी वाचलेल्यांना ओळखीची वाटतील. त्यात आश्चर्य नाही. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ नवी कीटकनाशके शोधत होता. त्या शोधात त्याच्या हाती टॅबून लागले, आणि दोन वर्षांनी सारिन. ही दोन्ही युद्धातली मज्जाविषे ठरली. त्याच श्राडरच्या संशोधनातून पुढे पॅराथिऑन हे शेतातले कीटकनाशक आले. घराणे एकच, एक शाखा युद्धखात्याकडे गेली आणि एक कृषिखात्याकडे. म्हणूनच सैनिकाला मज्जाविषावर जे उतारे देतात, अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम, तेच उतारे तालुक्याच्या दवाखान्यात फवारणी करताना बाधा झालेल्या मजुरालाही देतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, तेव्हा तिथल्या रुग्णालयात हीच इंजेक्शने धावपळीने लागत होती.

मोठ्या माणसाला जी मात्रा फारशी जाणवत नाही ती मुलाला का बाधते? मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे त्याची त्वचा जास्त, त्याचा श्वास जास्त, त्याचे खाणेपिणे जास्त. तान्हे बाळ किलोमागे मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट हवा आत घेते. जड वाफ आणि धूळ जमिनीलगत साचते, आणि बालवाडीतल्या मुलाचे नाक तिथेच असते. त्याचे हात मातीत, आणि मातीतून थेट तोंडात. ऑर्गॅनोफॉस्फेटांचा निचरा करणारे यकृतातले एक विकर लहान मुलांत मोठ्यांपेक्षा कमी असते. आणि मेंदूची जोडणी अजून चालू असते. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात, जिथे भाजीपाल्याची मोठी शेती आहे, संशोधकांनी शेतमजूर आयांच्या मुलांचा जन्माआधीपासून पाठपुरावा केला. गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत या कीटकनाशकांचे अंश सर्वांत जास्त सापडले, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षी मोजलेला बुद्ध्यंक, सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी निघाला. २०११ साली हे निष्कर्ष छापून आले.  वरून पाहणाऱ्याला सगळे ठीकच दिसत होते.

डोळ्यांना दिसणारा प्रकार मात्र आपल्याच देशात घडला, आणि शाळेतच घडला. १६ जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यातले धर्मसती गंडामन हे गाव, मशरक प्रखंडात. छोटी प्राथमिक शाळा. दुपारच्या जेवणात भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी होती. तेलाला काहीतरी वास येतोय अशी शंका स्वयंपाकिणीला आली होती, मुलांनीही चव कडू लागते अशी तक्रार केली, असे नंतर पुढे आले. जेवण मात्र थांबले नाही. तासाभरात मुले कोसळू लागली. तेवीस मुले दगावली. स्वयंपाकीणही आजारी पडली, कारण तिने तेच अन्न खाल्ले होते. न्यायवैद्यक तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात तेल ठेवले गेले असावे, असा संशय पहिल्या दिवसापासून व्यक्त झाला. मुख्याध्यापिकेला २०१६ साली न्यायालयाने शिक्षा सुनावली. गावकऱ्यांनी आपल्यातली काही मुले शाळेच्या आवारातच पुरली.

या घटनेत दोषी व्यक्ती शोधून आपण मोकळे झालो, पण त्या पदार्थाचे काय? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला भारतात २००५ पासूनच मनाई होती. कपाशीसारख्या पिकांसाठी मात्र ते दुकानात सर्रास मिळत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच भारतातल्या त्याच्या धोक्यांचा आढावा छापला होता. गंडामननंतर दोन आठवड्यांत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सर्व विकसनशील देशांना अशी अतिघातक कीटकनाशके बाजारातून काढण्याचे आवाहन केले. आपल्याकडे त्याच्या प्रचलित द्रावणावर बंदीचा आदेश निघाला २०२३ मध्ये, तोही शिल्लक साठा संपवायला मुदत देऊन. मधली दहा वर्षे ते विकले जात राहिले. जे द्रव्य एका चमचाभर चुकीने वर्गच्या वर्ग रिकामा करू शकते, ते जपून वापरा असे सांगण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. चूक माणूस करणारच. ती केली तरी निभावून जाईल अशीच वस्तू शाळेच्या हद्दीत असावी.

गंमत म्हणावी की दुर्दैव, आपला कीटकनाशकांचा कायदाच अशा एका मिसळीतून जन्मला आहे. १९५८ साली केरळात विषारी गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. जहाजातून येताना पिठाच्या पोत्यांजवळ पॅराथिऑनचे डबे होते आणि ते गळले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याच्या शिफारशींतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. आज बाटलीवर जो शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन आणि त्यात रंगीत त्रिकोण दिसतो, तो याच नियमांनी आला. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. हे रंग ठरतात प्राण्यांवरच्या चाचणीवरून. निम्मे प्राणी मरायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी द्रव्य तोंडावाटे पुरले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. प्रत्येक कॅडेटला रँकच्या फिती ओळखता येतात तसा हा त्रिकोणही ओळखता यायला हवा.

पण त्रिकोण फक्त एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: एकदम पोटात गेले तर किती लवकर मराल? वीस वर्षे थोडे थोडे नाकातोंडात गेले तर काय, हे तो सांगत नाही. त्यासाठी कासरगोडकडे पाहावे लागते.

केरळच्या उत्तर टोकाला, कर्नाटकच्या सीमेला लागून, कासरगोड जिल्ह्यात सरकारी मळा महामंडळाच्या काजूच्या बागा टेकड्यांवर पसरल्या आहेत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत तिथे दरवर्षी हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. माथ्यावर काजू, आणि उतारावर घरे, विहिरी, ओढे, शाळा. पाऊस पडला की वरचे सगळे खाली. कृषिखात्यात नोकरी करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ मध्ये न्यायालयात जाऊन हवाई फवारणीला मनाई मिळवली. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने पद्रे गावातल्या शाळकरी मुलांची तपासणी केली आणि फवारणी न झालेल्या दुसऱ्या एका गावातल्या मुलांशी तुलना केली. पद्रेच्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फानचे प्रमाण कितीतरी जास्त होते आणि मुलग्यांचे वयात येणे लांबलेले होते. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने बाधितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. त्या गावांतल्या प्रत्येक आजाराचे खापर एकाच रसायनावर फोडता येईल का, यावर तज्ज्ञांत वाद झाले. मुलांच्या रक्तात ते सापडले याबद्दल मात्र वाद नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या रक्तात काजूवरच्या ढेकण्याचे विष असण्याचे काहीही कारण नव्हते.

शाळेची हद्द हे वेगळे क्षेत्र मानून तिथे वेगळे नियम लावावेत, हा विचार जगात गेल्या पंचवीस वर्षांत रुजला. अमेरिकेत २००० साली क्लोरपायरिफॉसचा घरगुती वापर थांबवण्याचा करार झाला, तेव्हा शाळा, पाळणाघरे आणि उद्याने यांतला वापर सर्वांत आधी बंद करण्यात आला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने शाळांसाठी कायदा केला: कोणते द्रव्य वापरणार ते पालकांना कळवायचे, फवारणीच्या २४ तास आधी जागेवर पाटी लावायची आणि नंतर ७२ तास ती काढायची नाही. न्यूयॉर्क राज्य २०१० मध्ये त्यापुढे गेले. तिथे शाळा आणि पाळणाघरांच्या खेळाच्या मैदानांवर, हिरवळीवर कीटकनाशक आणि तणनाशक मारायलाच बंदी आहे. गांधीलमाशांचे पोळे झाले किंवा रोगाची साथ आली तर परवानगी घेऊन अपवाद. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात उद्याने, क्रीडांगणे, शाळेची आवारे यांत हा वापर कमीत कमी करा किंवा बंद करा असे सदस्य देशांना सांगितले आहे. कॅलिफोर्नियाने २०१८ पासून आणखी एक गोष्ट केली, आणि ती आपल्या कामाची आहे. शाळेपासून पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आतल्या शेतांत, सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळात विमानाने किंवा जोरदार पंख्याच्या यंत्राने फवारणी करता येत नाही. आपल्यासारख्या कितीतरी शाळांच्या कुंपणापलीकडे ऊस, कापूस, भात उभा असतो. वारा कुंपण पाहून थांबत नाही. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून फवारणीची वेळ ठरवून घेणे हे कायद्याविनाही जमण्यासारखे आहे. सकाळच्या पीटीच्या वेळी पंप सुरू न करता मुले वर्गात गेल्यावर वारा पडलेला पाहून करा, एवढेच सांगायचे असते.

याच कॅलिफोर्नियातल्या एका खटल्याची आठवण इथे करायला हवी. ड्वेन जॉन्सन हा बेनिशिया गावच्या शाळांमध्ये मैदानांची देखभाल करणारा कर्मचारी. ग्लायफोसेट असलेले तणनाशक तो वर्षातून कित्येकदा फवारायचा. त्याला लिम्फ ग्रंथींचा कर्करोग झाला. २०१८ मध्ये ज्यूरीने उत्पादक कंपनीने त्याला २८ कोटी ९० लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला. अपिलात ती रक्कम घटत घटत दोन कोटींच्या आसपास आली, पण कंपनीची जबाबदारी कायम राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगजनक’ म्हटले आहे, तर अमेरिकेची पर्यावरण संस्था तसे मानत नाही. शास्त्रीय वाद संपायचा तेव्हा संपेल. भारताने २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त प्रशिक्षित कीटकनियंत्रकांनीच मारावे अशी अधिसूचना काढली. मला या खटल्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, पीडित माणूस विद्यार्थी नव्हता, माळी होता. शाळेच्या आवारात सर्वांत जास्त विष त्याच्याच अंगावर पडते. आपले माळीकाका आणि मामा लोक चपला घालून, तोंडाला रुमाल गुंडाळून फवारतात. दुपारी त्याच हातांनी डबा उघडतात आणि घरी जाऊन त्याच कपड्यांनी नातवाला उचलून घेतात.

आपल्या १९६८ च्या कायद्यात ‘शाळेचे मैदान’ असा वेगळा वर्ग नाही. म्हणून आपल्याकडे हे काम शाळेलाच, आपल्या पातळीवर, करावे लागते. सैनिकी शाळेला ते इतरांपेक्षा सोपे जावे, कारण इथे आज्ञा कागदावर निघते आणि पाळली जाते.

सुरुवात भांडारापासून. कोणत्याही जुन्या आवारातल्या बागेच्या खोलीत शोधले तर मागच्या कोपऱ्यात दोन वस्तू सापडण्याची शक्यता बरीच आहे. एक फोरेटचे दाणे, ज्यांना गावाकडे थायमेट म्हणतात. साप येऊ नयेत म्हणून कुंपणालगत आणि वसतिगृहाच्या मागे ते भुरभुरण्याची जुनी रीत आहे. दुसरी डायक्लोरव्हॉसची बाटली, म्हणजे पूर्वीचे सर्वांचे लाडके नुवान, ढेकणांसाठी गादीवर मारले जाणारे. या दोन्हींवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. बंदी आली म्हणून कोपऱ्यातला डबा आपोआप नाहीसा होत नाही. त्याची नोंद करून, तो कुलपात ठेवून, कृषिखात्याला किंवा घातक कचरा हाताळणाऱ्या यंत्रणेला विचारून विल्हेवाट लावली पाहिजे. नाल्यात ओतणे, जाळणे, पुरणे यांतले काहीही करू नये. रिकामा डबा धुऊन पुन्हा वापरायचा नाही; त्याला भोके पाडून निकामी करायचा. गंडामनच्या शाळेसाठी एवढी एक सवय पुरली असती.

सापासाठी थायमेट टाकण्यात तर शहाणपणही नाही. साप उंदरांमागे येतो, उंदीर सांडलेल्या धान्यामागे आणि अडगळीमागे. गवत कापलेले, विटांचा ढीग हलवलेला, मेसचे दार खाली रबरी पट्टी लावून बंद, रात्री टॉर्च आणि पायात बूट, एवढ्याने जे होते ते विषारी दाण्यांनी होत नाही. दाणे मात्र पक्षी टिपतात, कुत्री हुंगतात आणि बालवाडीतले पोर मुठीत घेते. तोच आक्षेप मुंग्या-झुरळांसाठी मिळणाऱ्या विषारी खडूला. फळ्याच्या खडूसारखी दिसणारी विषारी वस्तू शाळेत आणणे म्हणजे संकटाला आमंत्रण. मेसमधल्या झुरळांसाठी फटींत लावायची जेल मिळते. ती टिपकाभर लागते, हवेत पसरत नाही, भांड्यांवर उडत नाही. त्याआधी गळके नळ दुरुस्त करावे लागतात आणि रात्री खरकटे झाकावे लागते, आणि हे काम फवाऱ्यापेक्षा कंटाळवाणे असते हे कबूल.

डासांच्या धुराबद्दल थोडे परखड लिहितो. धुराचे यंत्र फटफटत वसतिगृहांमधून जाते तेव्हा सर्वांना काहीतरी होतेय असे वाटते, लहान कॅडेट तर त्यामागे धावतातही. धुराने फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवी पलटण तयार होते. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कूलरची टाकी, कुंड्यांच्या खालच्या बशा, अडथळ्यांच्या शर्यतीतले जुने टायर. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळे पाणी ओतून भांडी कोरडी केली की साखळी तुटते. हौदात गप्पी मासे सोडता येतात. ‘बीटीआय’ नावाचे जिवाणूंचे औषध मिळते, तेही फक्त डासांसारख्या मोजक्या कीटकांच्या अळ्यांनाच मारते. साथ खरोखर आली, रुग्ण सापडला, तर धूर करावाच लागतो. तेव्हा तो आरोग्य खात्याच्या सल्ल्याने करावा आणि मुलांना आत ठेवावे. दर शनिवारी रिवाज म्हणून धूर करणे वेगळे.

वाळवीचा बंदोबस्त हा सगळ्यांत अवघड विषय, कारण तिथे रसायनाविना भागतेच असे नाही. भिंतीच्या मुळाशी छिद्रे पाडून क्लोरपायरिफॉस ओतण्याची पद्धत अजूनही आपल्याकडे सर्वत्र चालते. २०२५ मध्ये हे रसायन स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले, काही वापरांना सवलत ठेवून. उन्हापावसात ते हळूहळू मोडते, बंद खोलीत मात्र टिकून राहते. म्हणून असे काम दीर्घ सुटीतच व्हावे, कमी घातक पर्याय मागून घ्यावा, आणि मुले परतण्याआधी खोल्या उघड्या ठेवून फरशी पुसलेली असावी.

राहिले मैदान. अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत असे दिसले की, हिरवळीवर मारलेले तणनाशक बुटांना चिकटून घरात येते आणि गालिच्यात, जमिनीवर जाऊन बसते. बूट बराकीबाहेर काढायचा नियम आपल्याकडे स्वच्छतेसाठी आहे. त्याला हे दुसरे कारण. पण मुळात मैदानावर तणनाशक हवेच कशाला? तपासणीच्या आधी दगडांना चुना-गेरू लागतो तसा कडांना फवाराही लागतो, एवढेच पुष्कळदा त्याचे कारण असते. मैदान खेळण्यापुरते सपाट आणि काटेविरहित असले की पुरे. दुर्वा-हरळीत चार दुसरी गवते आली म्हणून फुटबॉल थांबत नाही. खरा शत्रू गाजरगवत. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस पडलेले हे तण आज देशभर पसरले आहे आणि त्याने त्वचेला खाज, काहींना दमा होतो. ते फुलण्याआधी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचे. मेक्सिकोहून मुद्दाम आणलेले भुंगे त्याची पाने फस्त करतात. रिकाम्या जागी टाकळा पेरला तर गाजरगवताला जागा मिळत नाही, आणि टाकळ्याची कोवळी भाजीही होते. एका हाउसला एक पट्टा नेमून दिला तर जुलैच्या दोन रविवारी हे काम उरकते.

आणि तरीही काही झालेच, तर काय करायचे ते प्रत्येकाला पाठ असावे. अंगावर पडले असेल तर कपडे लगेच काढून साबणाने भरपूर पाण्यात अंग धुवायचे. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालायचे, नाहीतर दोन रुग्ण होतात. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरायचे. पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करायचा नाही. द्रव फुप्फुसात गेला तर अधिक बिघडते. एमआय रूमला कळवून तडक दवाखाना. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा फोन रात्रंदिवस चालू असतो. आणि डबा किंवा निदान त्यावरची चिठ्ठी सोबत न्यायची. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिनबरोबर प्रॅलिडॉक्सिमही देतात. कार्बामेट असेल तर भर अ‍ॅट्रोपिनवर असतो. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर त्यावर उताराच नाही आणि त्यात सरसकट प्राणवायू देणेही घातक ठरू शकते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘कोणते औषध?’ हाच असतो, आणि त्याचे उत्तर त्या चिठ्ठीवर ‘रासायनिक नाव’ या ओळीत, बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत, छापलेले असते.